पेटीबंद इजिप्त

लंडनमधल्या क्रॉयडनच्या ज्ञानेश्वर टेंभेकरने आईसाठी आयुष्यात एकच सहल आखली, आणि ती आखता आखता आईचा व्हिसा संपत आला.

आई मेअखेरीस नागपूरहून आली. मार्चमध्ये ज्ञानेश्वरचे बाबा गेले, तेव्हा त्यानेच हट्टाने तिला आणलं. सहा महिने हवापालट होईल, माणसांत राहील, चार शब्द बोलेल. हवा पालटली, बाकी काही पालटलं नाही. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेली, अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई आता स्वतःच गप्प झाली होती. सकाळी उठून खिडकीशी बसायची आणि कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीची वाट पाहायची. कुठल्या आठवड्यात निळा डबा बाहेर ठेवायचा आणि कुठल्या आठवड्यात हिरवा, हे घरात तिच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. बाकी काहीही सुचवलं की उत्तर एकच, "राहू दे."

अपवाद एकदाच झाला. जुलैत नातीबरोबर, म्हणजे नऊ वर्षांच्या अन्वीबरोबर, ती लायब्ररीत गेली होती. तिथून येताना एक घडीचं पत्रक घेऊन आली आणि ते ज्ञानेश्वरच्या लॅपटॉपवर, ऐन मीटिंगमध्ये, उघडून ठेवलं. हॉलिंगडीन पार्क, ससेक्समधलं उघड्यावरचं म्युझियम. कोणा लॉर्डाने दीडशे वर्षांपूर्वी इजिप्तहून आणलेले दहा-बारा पुतळे आपल्या बागेत मांडले होते, ते आता लोकांना बघायला मिळत.

"हे इथं आहे?" आई म्हणाली.

"असेल. जाऊ या की. सांग कधी ते."

तिने ते पत्रक स्वयंपाकघरात देवांच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. ज्ञानेश्वरने ते पाहिलं आणि त्याला भरून आलं. आल्यापासून आईने मागितलेली ही एकमेव गोष्ट होती. ती तिला द्यायचीच, असं त्याने त्या क्षणी ठरवलं आणि मग, ठरवलेल्या गोष्टीचं तो नेहमी करतो तेच केलं. एक स्प्रेडशीट उघडली.

सप्टेंबरातला एक शनिवार ठरला. तिकिटं निघाली. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं चाललं होतं. पण ज्ञानेश्वरने ही बातमी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि अर्ध्या तासात शेजारचे जयंतकाका दारात उभे राहिले. जयंतकाका पस्तीस वर्षांपूर्वी या देशात आले आणि तेव्हापासून नंतर येणाऱ्या प्रत्येकाला सल्ला देत आहेत. हॉलिंगडीनला ते एकदा गेले होते, चौऱ्याण्णव साली.

"गाडीने जाऊ नकोस, पार्किंगचे वांधे आहेत. ट्रेनने जा. तिथलं सँडविच खाऊ नका, ते थंड असतं. आणि हे बघ, तारीख बघितलीस का? पितृपक्ष आहे."

"काका, आपण कुठे शुभकार्य करतोय? पुतळे तर बघायचेत."

"कोणाचे पुतळे? मेलेल्या राजांचे. घरात यंदाच झालेलं असताना, ऐन पितृपक्षात, परक्यांच्या पितरांच्या दर्शनाला जायचं? मी आपलं सांगायचं काम केलं."

सांगायचं काम केलं, असं म्हणून जाणारा माणूस आपली झोप घेऊन जातो. ज्ञानेश्वरचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आईचा असला तर? तिच्या मनाला लागलं तर? त्याने बायकोला विचारलं. सुनेत्रा म्हणाली, "माझा नाही विश्वास, पण आईंना काय वाटेल?" असा दोघांनी मिळून आईच्या मनाचा पुष्कळ विचार केला. आईला विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

तारीख बदलायची म्हणून त्याने वेबसाइट उघडली. तिथे कारण निवडणं सक्तीचं होतं, आणि कारणं चारच होती. आजारपण, प्रवासातला अडथळा, कुटुंबातला मृत्यू, इतर. ज्ञानेश्वरने 'इतर' निवडलं तर खुलासा लिहायचा चौकोन उघडला, त्यात ऐंशी अक्षरांची मर्यादा. ऐंशी अक्षरांत पितृपक्ष मावेना. शेवटी त्याने हात टेकले आणि 'कुटुंबातला मृत्यू' निवडलं. तसं ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्युझियमचं उत्तर आलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, नवीन तारखेसाठी मृत्यूची तारीख कळवावी. ज्ञानेश्वर इमानदार माणूस. त्याने कळवलं की तसा मृत्यू मार्चमधला आहे, पण ही अडचण एका मृत्यूची नसून सर्वच पूर्वजांची आहे, आणि ती दर वर्षी पंधरा दिवस असते. यावर म्युझियमने चार दिवस विचार केला. मग एक ओळ आली, "आपण सवडीने कधीही या." ही ओळ वाचून ज्ञानेश्वरला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, पण नेमका कुठे झाला ते सापडेना.

नवी तारीख ऑक्टोबरअखेरची घेतली. तर ती निघाली दिवाळीतली. घरात माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला आपण फराळ करायचा नसतो, दुसऱ्यांनी आणून द्यायचा असतो. आणि दुसरे आणून देणार म्हणजे आपण घरी हवं. जयंतकाकांच्या वैजयंतीकाकूंपासून मंडळातल्या अकरा घरांनी फराळ आणला. टेंभेकर कुटुंब तीन दिवस दाराशी हसतमुख बसून होतं, चकलीचे डबे रिकामे करून परत करत होतं. हॉलिंगडीनला पुन्हा मेल गेला. या वेळी ज्ञानेश्वरने 'इतर' निवडून नुसतं "चकली" असं लिहिलं. त्याचा धीर सुटत चालला होता.

याच काळात त्याने एक दुसरंही काम गुपचूप केलं होतं. आईला इथेच ठेवून घेता येईल का, हे विचारायला तो एका सॉलिसिटरकडे जाऊन आला. सॉलिसिटर सभ्य होता. त्याने सांगितलं की आईला भारतात कोणीच सांभाळू शकत नाही, आणि तिला स्वतःचं स्वतः उठता-बसता येत नाही, हे सिद्ध करावं लागेल. आई एरवी कशी आहे? ज्ञानेश्वर म्हणाला, "ठणठणीत आहे." "मग अवघड आहे," सॉलिसिटर म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. आई धडधाकट असल्याचं दुःख करायची वेळ ज्ञानेश्वरवर आयुष्यात पहिल्यांदाच आली. ट्रॅममधून घरी येताना तो स्वतःवरच चिडला होता. एकोणीस नोव्हेंबरला आई परत जाणार आणि नागपूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणार, हे आता पक्कं होतं. त्याच्या हातात उरली होती फक्त सहल.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारचे सगळे स्लॉट मोकळे होते. दहाचा, अकराचा, बाराचा, सगळे हिरवेगार. कामावर लोकांच्या करारातले बारीक अक्षरांतले खड्डे शोधून पगार मिळवणाऱ्या या माणसाला, सगळे स्लॉट मोकळे का असावेत, असा प्रश्न पडला नाही. तिकिटांबरोबर आलेला मेल सात परिच्छेदांचा होता. त्याने दोन वाचले.

शनिवारी सकाळी पाऊस होता. तो इंग्लंडमधला, धड पडत नाही आणि धड थांबत नाही असा. सुनेत्राने तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा, लोणचं आणि चहाचा थर्मास दिला. तिला स्वतःला ऑफिसच्या कामामुळे येता येत नव्हतं. आई, अन्वी आणि ज्ञानेश्वर स्टेशनवर पोचले तेव्हा कळलं की रुळांच्या कामामुळे आज ट्रेन नाही, बस आहे. आणि बस ज्या वाटेने गेली, त्या वाटेने ससेक्समधल्या प्रत्येक गोठ्याची मागची बाजू दिसत होती. एक तासाचा प्रवास अडीच तासांचा झाला. ज्ञानेश्वरने वाटेत दोन वेळा चहा घेतला, ही मेलनंतरची त्याची दुसरी मोठी चूक.

"एवढं कशाला करून राहिलास, ज्ञाना?" आई म्हणाली. "राहू दे म्हटलं होतं ना मी."

"आई, आता आलोच. तू बघच."

आणि मग त्यांनी पाहिलं. मोठी थोरली हिरवळ, तिच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांखाली ओळीने लाकडी पेट्या. माणसापेक्षा उंच, करड्या रंगाच्या, उतरत्या छपराच्या, प्रत्येकीला कुलूप. पुतळा कुठेच नव्हता. दाराशी पाटी होती. थंडीने दगड तडकू नये म्हणून एक नोव्हेंबर ते एकतीस मार्च सर्व शिल्पं झाकलेली असतात. पेट्यांमधून फिरण्याचा आनंद घ्यावा.

"बाबा," अन्वी आपल्या क्रॉयडनी मराठीत म्हणाली, "ते देव घरात गेला का?"

ज्ञानेश्वरने मेल उघडला. पाचवा परिच्छेद. तिथे सगळं स्पष्ट, सौजन्यपूर्ण भाषेत लिहिलेलं होतं. त्याला वाटलं, आपणही एखाद्या पेटीत जाऊन आतून कडी लावून घ्यावी.

"सप्टेंबरात आलो असतो तर उघडे असते?" आईने विचारलं.

"हो."

"मग का नाही आलो?"

"पितृपक्ष होता, आई. म्हटलं तुला बरं वाटणार नाही."

आईने वळून त्याच्याकडे पाहिलं. "मला कोणी विचारलं?" ती म्हणाली.

ज्ञानेश्वरला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी चहाही आठवण करून देऊ लागला. म्हणून तो टॉयलेट शोधायला गेला. टॉयलेटवरही पाटी होती. हिवाळ्यात बंद.

तो परत आला तेव्हा आई पहिल्या पेटीसमोर छत्री धरून उभी होती. पेटीवर एक पत्र्याची पट्टी होती. आत कोण आहे त्याचं नाव आणि पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र. आईने चष्मा पुसला, चित्र पाहिलं, आणि घसा साफ केला. हा आवाज ज्ञानेश्वरच्या ओळखीचा होता. तो ऐकून लहानपणी तो आपोआप ताठ बसायचा.

"अन्वी, इकडे ये. हा राजा उभा आहे. कोणता पाय पुढे असेल त्याचा?"

"राइट?"

"चूक. डावा. नेहमी डावा. हात सरळ खाली, मुठी आवळलेल्या. तुझ्या आजोबांनी पण उजवा काढला होता." आणि मग, सहा महिन्यांत ऐकू आली नव्हती इतकी वाक्यं तिने एका दमात बोलून टाकली. बाबा बांधकाम खात्यात आरेखक होते. सहावीच्या इजिप्तच्या धड्यासाठी दर वर्षी ते आईला कार्डशीटवर तक्ते काढून द्यायचे. पहिल्या वर्षी रात्रभर बसून राजा काढला, आणि पाय काढला उजवा. "मी म्हटलं, चुकलं. तर म्हणाले, कोणाला कळतंय नागपुरात? मी म्हटलं, मला कळतंय. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी नवा तक्ता टेबलावर. पाय डावा, पण चेहरा कोणाचा, माहीत आहे? आमच्या हेडमास्तरांचा!"

आणि आई हसली. छत्री हलली आणि सगळं पाणी ज्ञानेश्वरच्या मानेत गेलं.

ती दुसऱ्या पेटीकडे गेली. आत सिंहाच्या तोंडाची देवी, मांडीवर हात ठेवून बसलेली. "हिचे एकेका राजाने शेकड्यांनी पुतळे केले. रागीट होती. रागीट देवी असली की लोक जास्त पुतळे करतात." जवळ भिजत उभं असलेलं एक म्हातारं इंग्रज जोडपं सरकत सरकत पुढे आलं. त्यांनीही पाचवा परिच्छेद वाचलेला नव्हता. त्या बाई काय सांगताहेत, असं त्यांनी विचारलं, आणि ज्ञानेश्वर भाषांतर करू लागला. चौथ्या पेटीपर्यंत आईच्या वर्गात सहा माणसं आणि एक कुत्रा होता. आत काही न दिसणाऱ्या कुलूपबंद पेट्यांसमोर सगळे माना डोलवत होते. ज्ञानेश्वर पायात पाय अडकवून भाषांतर करत होता.

तेवढ्यात हिरवं जाकीट घातलेली एक बाई तरातरा आली. छातीवर नाव होतं मॉरीन, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला.

"सॉरी, पण गाइडेड टूरसाठी आधी नोंदणी लागते. या बाई मान्यताप्राप्त गाइड आहेत का?"

"त्या माझ्या आई आहेत," ज्ञानेश्वर म्हणाला.

"फॉर्मवर तशी सोय नाही."

आईने वाक्य मध्येच तोडलं आणि मॉरीनकडे पाहिलं. प्रार्थना संपल्यावर वर्गात शिरणाऱ्या मुलीकडे ती जशी पाहायची, तसं. मग इंग्रजीत म्हणाली, "प्लीज स्टँड इन द लाइन. क्वेश्चन्स ॲट द एंड."

मॉरीन रांगेत उभी राहिली. कुत्र्याच्या मागे.

शेवटच्या पेटीपाशी धडा संपला तेव्हा लोकांनी ओल्या हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पांगले. मॉरीन तिथेच घुटमळत राहिली. तिने ज्ञानेश्वरला विचारलं, आई पुन्हा कधी येतील? एप्रिलमध्ये सगळं उघडं असतं.

"येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी त्या परत जाताहेत," ज्ञानेश्वर म्हणाला. "पुन्हा येतील की नाही, माहीत नाही मला." आपण हे आजवर मोठ्याने बोललो नव्हतो, हे त्याला बोलल्यावर कळलं.

मॉरीनने घड्याळ पाहिलं. मग ती अगदी कोरड्या आवाजात म्हणाली की ओल तपासायला आठवड्यातून एकदा प्रत्येक पेटी उघडावी लागते. या पेटीची तपासणी सोमवारी आहे. पण सोमवारी करायची ती शनिवारी करू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागेल, तो ती भरेल.

कुलूप उघडलं. दारं बाजूला झाली.

आत काळ्या दगडातली एक बाई बसली होती. नाक गेलेलं, पण चेहरा शांत. तिच्या बाजूला दुसरं कोणीतरी बसलेलं असणार, कारण बैठक दोघांची होती. तिथे आता फक्त फुटका दगड होता. आणि बाईचा एक हात तिच्या अंगापासून निघून त्या रिकाम्या जागेच्या मागून गेला होता, अर्ध्यात तुटलेला.

आईने चष्मा पुसला. या पुतळ्याचा तक्ता नव्हता.

"हिचे हे कुठं गेले?" शेवटी तिने विचारलं.

ज्ञानेश्वरने मॉरीनला विचारलं. मॉरीन म्हणाली, कोणालाच माहीत नाही. आणला तेव्हाच असा होता. जोडप्याचे पुतळे असे करत, बायकोचा हात नवऱ्याच्या पाठीमागून.

"माहीत आहे मला," आई मराठीतच म्हणाली. मग हळूच, "ते गेले, पण हिनं नाही काढला हात." पाऊस तिरका होऊन पेटीत शिरत होता. आईने छत्री स्वतःवरून काढली आणि त्या बाईच्या डोक्यावर धरली, आणि मॉरीनने दारं लावेपर्यंत तशीच धरून ठेवली. अन्वीने आपला रेनकोट काढून आजीच्या डोक्यावर ठेवला. ज्ञानेश्वरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पावसाची सोय असल्यामुळे ते त्याने पुसलं नाही.

परतीच्या बसमध्ये पुऱ्या संपल्या. मॉरीनलाही दोन दिल्या होत्या, लोणच्यासकट. ती लोणचं खाऊन बराच वेळ खोकली आणि तिने आणखी मागून घेतलं. अन्वी समोरच्या सीटवर झोपली. बाहेर चारलाच अंधारलं होतं.

"ज्ञाना," आई म्हणाली, "रोज फोन करत जा मला. रविवारी नुसता नको. आणि काय बोलू असं म्हणू नको, मी बोलेन."

"करेन, आई."

"आणि माझ्या मनात काय आहे ते मला विचारत जा."

"हो."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचा हात सीटच्या पाठीवरून त्याच्या पाठीमागे आला आणि त्याच्या दुसऱ्या खांद्यावर विसावला. ती झोपली होती. खिशात फोन थरथरला, हॉलिंगडीन पार्क विचारत असणार, आजची भेट कशी वाटली. त्याने तो तसाच थरथरू दिला. वाटेत एका गावात बस पाच मिनिटं थांबली. समोरच सार्वजनिक टॉयलेट होतं, दिवा लागलेलं, उघडं. ड्रायव्हर म्हणाला, कोणाला जायचं असेल तर जाऊन या.

ज्ञानेश्वरला सकाळपासून जायचं होतं. तो क्रॉयडन येईपर्यंत हलला नाही.